चार सिनेमे, एक शिफ्ट

आर्ट फिल्म म्हटलं की ऑफिसच्या कुठल्याही ग्रुपमध्ये ठरलेली तीन वाक्यं ऐकू येतात. पहिलं, ‘फार स्लो असतं यार.’ दुसरं, ‘दिवसभर डोक्याला ताप, घरी आल्यावर परत ताप कशाला?’ आणि तिसरं, जरा खालच्या आवाजात, ‘शेवट कळला नाही, पण विचारायची लाज वाटली.’

पण गंमत सांगू? तुमच्या-आमच्या नोकरीकडे सगळ्यात बारकाईने बघितलंय ते याच ‘स्लो’ सिनेमाने. नेहमीच्या पिक्चरमधला हिरो नेमकं काय काम करतो हे कधी कळतं का? एक काचेची केबिन असते, एक प्रेझेंटेशन असतं आणि ते संपलं की सगळे उभं राहून टाळ्या वाजवतात. आपलं प्रेझेंटेशन संपलं की लोक मोबाइल बघत बाहेर पडतात! हिरोला टाइमशीट भरावी लागत नाही, त्याची रजा नामंजूर होत नाही, पहिल्या दिवशी कँटीनमध्ये कुणाच्या टेबलावर बसायचं हा प्रश्न त्याला पडत नाही. हे प्रश्न ज्यांना पडले त्यांनी वेगळे सिनेमे काढले.

२०२३ मध्ये आपल्याकडे आठवड्याला ७० तास काम करावं की नाही यावर वाद रंगला. २०२५ उजाडता उजाडता आकडा ९० वर गेला. टीव्हीवर, ट्रेनमध्ये, लंचला सगळीकडे तीच चर्चा. गंमत अशी की सगळे तास मोजत होते. त्या तासांत माणसाचं काय होतं, तो हळूहळू कोण बनतो, हे फारसं कुणी विचारत नव्हतं. आज ज्या चार सिनेमांबद्दल लिहितेय, ते नेमकं तेच विचारतात.

चारही ब्लॅक अँड व्हाइट, चारही सबटायटल्सवाले. घाबरू नका. बनले त्या सालांप्रमाणे न घेता मी ते आपल्या करिअरच्या क्रमाने लावलेत. आधी ऑफर लेटर, मग प्रमोशन, मग राजीनामा आणि शेवटी फेअरवेल.

ऑफर लेटर

इटालियन दिग्दर्शक एर्मान्नो ओल्मी यांचा ‘इल पोस्तो’ १९६१ चा. इंग्रजीत त्याचं नाव ‘द जॉब’ केलं गेलं. मला मात्र वाटतं की या नावाचं सगळ्यात चपखल भाषांतर मराठीतच होतं. जागा! ‘बँकेत जागा निघाली’, ‘एक जागा रिकामी आहे’ असं आपण म्हणतो ना, अगदी तीच जागा. पोस्तो म्हणजे पोस्ट आणि पोस्तो म्हणजे बसायची जागासुद्धा. हा अख्खा सिनेमा या दोन अर्थांच्या मध्ये घडतो.

दोमेनिको नावाचा एक लाजाळू पोरगा. मिलानजवळच्या मेदा नावाच्या छोट्या गावातून तो एका बड्या कंपनीच्या परीक्षेला येतो. घरी परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण सोडून नोकरीला लागायचं ठरलंय. (आपल्याकडे नोकरी ‘लागते’. ठेच लागते, नाद लागतो, नजर लागते, तशीच. हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याला साष्टांग नमस्कार.) पुस्तकं बांधायचा त्याचा पट्टा आता धाकट्या भावाकडे जातो. या छोट्याशा गोष्टीत त्याचं शिक्षण संपल्याचं आपल्याला कळतं. कुणी रडत नाही, बॅकग्राउंडला व्हायोलिन वाजत नाही.

मग लेखी परीक्षा, मेडिकल, मानसशास्त्रीय चाचणी. तुमच्यापैकी ज्यांनी कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून अॅप्टिट्यूड टेस्ट दिलीय त्यांना हसू आवरणार नाही. एका हॉलमध्ये वेगवेगळ्या वयाची माणसं गणित सोडवत बसलीत आणि कॅमेरा शांतपणे एकेकाचा चेहरा बघतोय. याच परीक्षेत दोमेनिकोला एक मुलगी भेटते. जेवणाच्या सुट्टीत दोघं मिलानमध्ये हिंडतात, दुकानांच्या काचांतून आत बघतात, कॉफी पितात. दोघांनाही नोकरी मिळते. पण तिचं डिपार्टमेंट वेगळं आणि जेवणाची वेळही वेगळी. एकाच कंपनीत असून भेट होत नाही. झालं! कंपनीच्या न्यू इयर पार्टीत तो तिची वाट बघत बसतो आणि ती येत नाही. ऑफिस पार्टीत एकट्याने बसून हसरा चेहरा ठेवण्याचा अनुभव ज्यांनी घेतलाय, त्यांनी हा सीन जरा जपून बघावा.

क्लार्कची जागा रिकामी नसते, म्हणून दोमेनिकोला आधी शिपायाचा युनिफॉर्म मिळतो. पुढे एक क्लार्क मरण पावतो. हा क्लार्क रात्री खोलीवर चोरून कादंबरी लिहीत असे. त्याचं टेबल रिकामं होतं आणि दोमेनिकोला तिथे बसवतात. पण ते टेबल पुढचं असतं. मागे बसणारे जुने क्लार्क तक्रार करतात की आम्ही इतकी वर्षं थांबलो, हा कालचा पोरगा पुढे कसा? मग सगळे एकेक टेबल पुढे सरकतात आणि दोमेनिको जातो सगळ्यात मागच्या टेबलावर. शेवटी त्याचा चेहरा आणि कॉप्या काढणाऱ्या मशीनचा आवाज. खटक, खटक, खटक.

ओल्मी स्वतः मिलानच्या एडिसन-वोल्टा या वीज कंपनीत नोकरीला होते आणि कंपनीसाठी माहितीपट काढत. त्यामुळे टेबलं कशी सरकतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी नट म्हणूनही साधीच माणसं घेतली. त्या मुलीचं काम करणाऱ्या लोरेदाना देत्तोशी पुढे ओल्मींनी लग्न केलं. म्हणजे सिनेमात न झालेली भेट बाहेर झाली म्हणायची!

प्रमोशन

आता दहा वर्षं पुढे आणि कोलकात्यात. सत्यजित राय यांचा ‘सीमाबद्ध’ (१९७१). शंकर यांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा, त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. इंग्रजी नाव ‘कंपनी लिमिटेड’. आपल्याकडे पतपेढीच्या बोर्डावर नावाच्या शेवटी ‘मर्यादित’ असं लिहिलेलं असतं, ते आठवा. कंपनी मर्यादित असते हे ठीक. माणूस केव्हा मर्यादित होतो, हा राय यांचा प्रश्न.

श्यामलेंदू पाटण्याच्या मध्यमवर्गीय घरातला हुशार मुलगा. एका ब्रिटिश कंपनीत पंख्यांच्या विभागाचा सेल्स मॅनेजर. उंच इमारतीत कंपनीचा फ्लॅट, क्लब, पार्ट्या, मुलगा बोर्डिंगात. दिसायला छान, बोलायला गोड, वाईट तर मुळीच नाही. वरुण चंदा यांनी हे काम इतकं सहज केलंय की आपल्याला तो आवडायलाच लागतो. त्याची मेहुणी तुतुल (शर्मिला टागोर) पाटण्याहून राहायला येते. ती लहानपणापासून या हुशार माणसाकडे आदराने बघत आलीय. आपण सिनेमा बघतो तो तिच्या डोळ्यांनी.

एकदा घरी पार्टी रंगात आलेली असताना श्यामलेंदूचे आई-वडील अचानक येऊन पोचतात. त्यांना पाहुण्यांसमोरून आतल्या खोलीत नेऊन बसवलं जातं. कुणी ओरडत नाही, कुणाचा अपमान होत नाही. पण तो सीन संपल्यावर मी पॉज करून आईला फोन लावला होता, उगाचच.

डायरेक्टरच्या खुर्चीसाठी श्यामलेंदूची स्पर्धा आहे दुसऱ्या विभागाच्या मॅनेजरशी. आणि नेमकी तेव्हाच भानगड होते. परदेशी पाठवायच्या पंख्यांच्या मालात दोष निघतो. माल वेळेत गेला नाही तर दंड आणि नाचक्की. करारात एक पळवाट असते. कारखान्यात संप किंवा गडबड झाली तर उशीर माफ. मग काय, गडबड घडवून आणायची! पर्सोनेल ऑफिसरशी बोलणं होतं, कँटीनच्या जेवणावरून कामगार भडकतात, बॉम्ब फुटतो, एक वॉचमन जखमी होतो, टाळेबंदी जाहीर होते. माल वाचतो, कंपनीची अब्रू वाचते आणि श्यामलेंदू डायरेक्टर होतो.

आता यातली खरी मेख बघा. श्यामलेंदूने कायद्याच्या भाषेत काही केलंच नाही. त्याने फक्त योग्य माणसाला योग्य वेळी एक समस्या सांगितली. आपल्या भाषेत ‘क्रायसिस मॅनेज’ केला. वरिष्ठ खूश, सीव्हीत एक ओळ वाढली. हॉस्पिटलमध्ये पडलेला वॉचमन कुठल्याही रिपोर्टमध्ये त्याच्या नावावर लागत नाही. चांगला माणूस एका आठवड्यात वाईट होत नसतो. तो फक्त एक मीटिंग घेतो.

आणि तो शेवट! प्रमोशनच्या दिवशी त्याच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद असते. नवा डायरेक्टर घरी जातोय तो जिन्याने. एक मजला, दोन मजले, टाय सैल, श्वास फुललेला. राय आपल्यालाही त्याच्याबरोबर चढायला लावतात, कट मारून सुटका करत नाहीत. वर पोचल्यावर तुतुल काही न बोलता त्याने तिला वापरायला दिलेलं घड्याळ काढून परत करते. बस. ना भाषण, ना थोबाडीत.

‘स्लो’ची तक्रार करणाऱ्यांना मला हा जिना दाखवायचा असतो. तीन सेकंदांत तो वर पोचला असता तर तुम्हाला फक्त माहिती मिळाली असती, की याला प्रमोशन मिळालं. पायऱ्या मोजत गेलात म्हणून त्याची किंमत कळली.

राजीनामा

याच राय यांनी आठ वर्षं आधी, १९६३ मध्ये, ‘महानगर’ केला होता. नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेवरचा. यासाठी बर्लिनच्या महोत्सवात १९६४ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं सिल्व्हर बेअर मिळालं. जया भादुरीचा हा पहिला सिनेमा. त्यात ती शाळकरी नणंद आहे.

आरती (माधवी मुखर्जी) एका साध्या घरातली सून. नवऱ्याच्या, सुब्रतच्या, बँकेतल्या पगारात सासू-सासरे, नणंद, मुलगा असा संसार भागत नाही. म्हणून ती नोकरी धरते. विणकामाची मशिनं घरोघरी जाऊन विकायची. सासरे, निवृत्त मास्तर, नाराज. मुलगा रुसलेला. आणि ज्याने नोकरीची कल्पना काढली त्या नवऱ्यालाच ती यशस्वी व्हायला लागल्यावर कससं व्हायला लागतं. त्याच्या तोंडी पुरुषी डायलॉग नाहीत. तो फक्त जरा जास्त गप्प होतो, तिच्या पर्समधली लिपस्टिक त्याला टोचते. ही लिपस्टिक तिला ऑफिसमधल्या एडिथने दिलेली, आणि घरी वाद नको म्हणून आरती ती चक्क खिडकीबाहेर फेकते. आपल्या आईच्या पिढीतल्या ज्या बायका पहिल्यांदा लोकलचा पास काढून फोर्टात नोकरीला गेल्या, त्यांच्याबरोबर बसून हा सिनेमा बघा. कॉमेंटरी फुकट मिळेल.

शेवटी सुब्रतच तिच्यासाठी राजीनामा लिहून देतो. ती तो द्यायला निघते आणि तेवढ्यात त्याचा फोन येतो, राजीनामा देऊ नकोस. त्याची बँक बुडालेली असते. आता घरातला एकमेव पगार तिचा. पत्र पर्समध्येच राहतं.

मग येतो एडिथचा प्रसंग. ही अँग्लो-इंडियन मुलगी आजारी पडून काही दिवस येत नाही. साहेब, मुखर्जीबाबू, तिच्या चारित्र्याबद्दल शेरा मारून तिला काढून टाकतात. लक्षात घ्या, मुखर्जी खलनायक नाहीत. आरतीशी ते वडीलकीने वागतात, तिच्या नवऱ्यालाही नोकरीसाठी मदत करू म्हणतात. त्यांचा फक्त अँग्लो-इंडियन लोकांबद्दल एक जुना, पक्का समज आहे. आरती केबिनमध्ये जाऊन म्हणते, तिची माफी मागा. साहेब नाही म्हणतात. आरती पर्समधून तेच जुनं पत्र काढते आणि टेबलावर ठेवते. नवऱ्याने त्याच्या कारणासाठी लिहिलेलं पत्र ती तिच्या कारणासाठी देते.

हा सीन माझ्या एका मैत्रिणीसाठी मला मुद्दाम लिहायचा होता. ती एचआरमध्ये आहे, कंपनीचं नाव सांगत नाही. मागच्या वर्षी तिच्याकडे एक फाइल आली. दोन महिने आजारपणाच्या रजेवर असलेल्या मुलाला काढायचं होतं आणि कारणाच्या रकान्यात ‘परफॉर्मन्स’ लिहायचं होतं. तिच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता, घरी एकटे बाबा. त्याच आठवड्यात तिने माझ्याकडे ‘महानगर’ पाहिला होता, निव्वळ योगायोगाने. रात्री साडेअकराला तिचा फोन. ‘तुझ्या त्या आरतीला विचार, ईएमआय कोण भरणार होतं?’

मी काय उत्तर देणार? सिनेमात आरतीकडेही उत्तर नाहीच. ऑफिस सुटल्यावरच्या गर्दीत ती आणि सुब्रत दोघं बेकार उभे असतात. इतक्या मोठ्या शहरात दोघांपैकी एकाला तरी काम मिळेल एवढीच आशा. वर दिव्याचा खांब, त्यावर दोन दिवे, त्यातला एकच पेटलेला.

मैत्रिणीने राजीनामा दिला नाही. तिने त्या फॉर्मवर सही करायला नकार दिला आणि रजेची सगळी कागदपत्रं फाइलला लावून फाइल वर पाठवली. त्या मुलाची नोकरी वाचली का? नाही. पण त्याच्या कागदावर ‘परफॉर्मन्स’ आलं नाही आणि त्याला पुढच्या ठिकाणी खोटं बोलावं लागलं नाही. मैत्रिणीचं अप्रेझल यंदा साधारणच झालं. बॉस बोलतो, पण मोजकं. ती म्हणते, आरतीएवढं नाही जमलं. मला वाटतं, आरतीला हे चाललं असतं.

फेअरवेल

आणि आता चौथा. मास कॉमला असताना दुपारच्या लेक्चरला आम्हाला ‘इकिरू’ दाखवला होता. पंखा गरगरत होता, जेवण अंगावर आलेलं, पहिल्या अर्ध्या तासात निम्मा वर्ग झोपला. दिवे लागले तेव्हा मात्र कुणीच पटकन उठलं नाही.

इकिरू म्हणजे जगणं. कुरोसावांनी ‘सेव्हन सामुराई’च्या दोन वर्षं आधी, १९५२ मध्ये, हा सिनेमा केला. टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या कथेतून त्याची प्रेरणा आली. सुरुवातच एका एक्स-रेने होते. निवेदक सांगतो, हे आपल्या नायकाचं पोट, यात कॅन्सर आहे, त्याला अजून माहीत नाही.

नायक वातानाबे हा पालिकेच्या नागरिक विभागाचा प्रमुख. सुमारे तीस वर्षं नोकरी, रजा जवळपास शून्य. टेबलावर कागदांचे डोंगर, काम म्हणजे शिक्के मारणं. एकदा तो शिक्का पुसायला ड्रॉवरमधून एक जुना कागद फाडतो. तो असतो विभागाची कार्यक्षमता कशी वाढवावी याचा प्रस्ताव! कुणे एके काळी या माणसालाही काहीतरी करायचं होतं. काही वस्तीतल्या बायका तुंबलेल्या घाण पाण्याची तक्रार घेऊन येतात. तिथे मुलांसाठी बाग करा म्हणतात. त्यांना या खिडकीवरून त्या खिडकीवर, मग पुढच्या विभागात, असं फिरवत फिरवत परत पहिल्याच खिडकीवर आणून सोडलं जातं. जातीच्या दाखल्यासाठी नाहीतर सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेत ना? मग सबटायटल्सची गरज नाही.

आजार कळल्यावर वातानाबे मुलाला सांगायला जातो आणि सांगू शकत नाही. मुलगा आणि सून त्याच्या पेन्शनच्या हिशेबात असतात. एका अनोळखी लेखकाबरोबर तो रात्रभर टोकियोत ऐश करून बघतो. त्याने काही होत नाही. मग त्याच्या ऑफिसातली तरुण मुलगी तोयो. तिने या कंटाळवाण्या नोकरीला रामराम ठोकलाय आणि ती खेळणी बनवण्याच्या कारखान्यात लागलीय. तो तिला विचारतो, तू इतकी जिवंत कशी? ती चावीचा ससा टेबलावर सोडते. हे बनवते, बास. मला वाटतं जपानमधल्या प्रत्येक बाळाशी माझी दोस्ती झालीय. आणि वातानाबेच्या डोक्यात प्रकाश पडतो. तो जिना उतरत असताना कॅफेत दुसऱ्याच कुणाच्या वाढदिवसाचं गाणं सुरू होतं.

तो नोकरी सोडत नाही. हिमालयात जात नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला येतो आणि ढिगातून त्या बायकांची फाइल काढतो.

इथे दुसरा कुठलाही दिग्दर्शक आपल्याला बाग तयार होतानाचं गाणं दाखवील. कुरोसावा काय करतात? थेट सांगून टाकतात की पाच महिन्यांनी वातानाबे गेला. अजून बराच सिनेमा शिल्लक! तो सगळा घडतो त्याच्या घरी, श्रद्धांजलीच्या बैठकीत. उपमहापौर बागेचं श्रेय हळूच स्वतःकडे घेतात. सहकारी माना डोलवतात. तेवढ्यात वस्तीतल्या बायका येतात, उदबत्ती लावतात आणि रडून निघून जातात. एक शब्द नाही. त्यानंतर साके पोटात जाईल तशी एकेकाला खरी आठवण यायला लागते. तो कसा प्रत्येक दारात जाऊन उभा राहायचा, अपमान झाला तरी कसा हलायचा नाही. बर्फ पडत असताना त्या बागेतल्या झोपाळ्यावर बसून गाणं म्हणणाऱ्या वातानाबेला आपण इथेच बघतो. ताकाशी शिमुरांचा तो चेहरा! ‘सेव्हन सामुराई’तला सामुरायांचा शूर म्होरक्या तो हाच माणूस, यावर विश्वास बसत नाही.

नशेत सगळे शपथ घेतात, उद्यापासून आपणही असंच काम करायचं. आणि उद्या? नवा साहेब खुर्चीत, नवी तक्रार खिडकीत आणि तेच उत्तर, पलीकडच्या विभागात जा. एकटा किमुरा रागाने उभा राहतो. सगळे त्याच्याकडे बघतात. तो सावकाश खाली बसतो आणि फाइलींच्या ढिगामागे दिसेनासा होतो.

मला ‘इकिरू’ यासाठी मोठा वाटतो. तो प्रेरणादायी सिनेमा आहे असं सांगून कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये दाखवता येईल, पण तो किमुराचं खाली बसणं लपवत नाही. एका माणसाने एक बाग केली, यंत्रणा तशीच राहिली. दोन्ही खरं. बागेत पोरं मात्र रोज खेळतात.

सध्याचं काय?

‘हे सगळं जुनं झालं’ म्हणणाऱ्यांसाठी ताजा माल. ‘इकिरू’वरून २०२२ मध्ये ‘लिव्हिंग’ आला. पटकथा नोबेलविजेते काझुओ इशिगुरो यांची, नायक बिल नाय. दोघांनाही ऑस्करची नामांकनं मिळाली. कथा लंडनच्या सरकारी कचेरीत नेलीय आणि अवधी कमी आहे, त्यामुळे नवशिक्यांनी इथून सुरुवात केली तरी हरकत नाही. बेल्जियमच्या दार्देन बंधूंचा ‘टू डेज, वन नाइट’ (२०१४) म्हणजे ले-ऑफचा थ्रिलरच. मारियाँ कोतियारच्या नायिकेला एका वीकेंडमध्ये सहकाऱ्यांच्या घरोघरी जाऊन सांगायचंय की बोनस सोडा, म्हणजे माझी नोकरी राहील. तुम्ही तिच्या दारात असता तर काय म्हणाला असता?

आणि आपल्या मुंबईचा, पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’. २०२४ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी पोचलेला भारतीय सिनेमा आणि तिथला ग्रां प्री मिळवणारा. दोन मल्याळी नर्सेस आणि त्याच हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती. छाया कदमने पार्वती अशी उभी केलीय की बस. वर्षानुवर्षं राहिलेली खोली बिल्डरच्या घशात जाते, कारण तिच्याकडे कागद नाही. ती रत्नागिरीकडच्या गावाला परत जाते. ज्या शहराला आपण तास देतो त्या शहरात आपली ‘जागा’ कुठली, हा दोमेनिकोचाच प्रश्न साठ वर्षांनी मराठीत ऐकू येतो.

कसं बघायचं?

‘इल पोस्तो’ दीड तासाचा, ‘सीमाबद्ध’ पावणेदोन-दोनचा, ‘महानगर’ सव्वादोन आणि ‘इकिरू’ जवळपास अडीच. चारांची बेरीज साधारण आठ तास. म्हणजे बरोब्बर एक शिफ्ट! एका दमात बघायची अजिबात गरज नाही, आठवड्याला एक पुरे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिली वीस मिनिटं कंटाळा येईल, येऊ दे. तो सिनेमाचा नसतो, दिवसभराचा साचलेला असतो. तो उतरला की चेहरे दिसायला लागतात. शक्यतो एकट्याने बघू नका. मुंबईत १९६८ पासून चालू असलेलं प्रभात चित्र मंडळ आहे, पुण्यात आशय फिल्म क्लब आहे, आणि तेही नाही जमलं तर चार मित्र, एक भिंत आणि उसना प्रोजेक्टर आहे.

जाता जाता एक गोष्ट. जपानमध्ये ‘इकिरू’ प्रदर्शित झाला ऑक्टोबर १९५२ मध्ये. त्याच महिन्यात कोलकात्यातल्या एका जाहिरात कंपनीतला नोकरदार सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन शहराबाहेर गेला आणि काशफुलांच्या मैदानात त्याने एका सिनेमाचं शूटिंग सुरू केलं. सिनेमाचं नाव ‘पथेर पांचाली’. सुट्टी संपल्यावर तो परत ऑफिसात होता.

पुढच्या अंकात जरा हसूया. आपल्या क्युबिकल्सची १९६७ मध्येच टिंगल करून ठेवणाऱ्या जाक ताती यांच्या ‘प्लेटाइम’बद्दल.